जावईबापूंची नऊ अंशांची काठी

एकोडीत बसून मी गोल्फवर लिहितो आहे, हे वाचून आमचे साकोलीचे भाचे हसणार हे ठाऊक आहे. हसा बाबांनो. आमच्याकडे धानाच्या बांध्या आहेत, बोड्या आहेत आणि खेळ म्हटला की कबड्डी, व्हॉलीबॉल नाहीतर क्रिकेट. गोल्फ मी सत्तरी गाठेपर्यंत फक्त वर्तमानपत्राच्या क्रीडापानाच्या तळाशी पाहिला होता, तोही पान उलटता उलटता. तरी आज त्यावर लिहायचंच आहे. कारण गेल्या हिवाळ्यात पुण्याला लेकीकडे दीड महिना राहिलो आणि जावईबापूंशी एका आकड्यावरून माझं चक्क भांडण झालं. भांडण म्हणजे काय, सासरे-जावयाचं असतं तसं. दोघंही अदबीनं बोलतो आणि दोघंही ऐकत नाही.

तो आकडा म्हणजे नऊ.

जावईबापू एक्कावन्न वर्षांचे. तीन वर्षांपूर्वी कचेरीतल्या मंडळींच्या नादानं गोल्फ शिकायला लागले. दर रविवारी सकाळी सरावाच्या मैदानावर जातात, चेंडूंची टोपली घेतात आणि एकेक चेंडू समोरच्या हिरवळीवर फटकावत बसतात. येताना कमरेला हात लावून येतात. लेक म्हणाली, "बाबा, तुम्हीच जा एकदा सोबत आणि बघा तिथं काय चालतं ते." मी गेलो. मला एक खुर्ची मिळाली, चहा मिळाला, वर छप्पर होतं. मास्तराला आणखी काय पाहिजे? चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका बघत बसण्याचीच तर नोकरी केली.

ज्यांना या खेळातलं काही ठाऊक नाही (म्हणजे आपले जवळपास सगळेच नातेवाईक) त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गोल्फच्या झोळीत जास्तीत जास्त चौदा काठ्या ठेवता येतात. त्यांतली सर्वांत लांब आणि मोठ्या मुंडक्याची काठी म्हणजे ड्रायव्हर. पहिला लांब फटका हिनं मारायचा. काठीचं जे तोंड चेंडूला लागतं ते अगदी भिंतीसारखं उभं नसतं, जरा मागे रेललेलं असतं. किती रेललं आहे तो कोन म्हणजे लॉफ्ट. वाळूच्या खड्ड्यातून चेंडू उचलायच्या काठीचा लॉफ्ट पंचावन्न-छप्पन्न अंशांचा, म्हणजे ती जवळजवळ उताणीच पडलेली. ड्रायव्हरचा मात्र साधारण आठपासून बारा-तेरा अंशांपर्यंत. दुकानात बहुतेक नऊ, साडेदहा आणि बारा अशा आकड्यांचे मिळतात आणि तो आकडा मुंडक्यावर कोरलेला असतो. या कोरण्यातच सगळी गोम आहे, पण ते पुढे.

जावईबापूंच्या काठीवर नऊ कोरलं होतं. मी विचारलं, "नऊच का?" म्हणाले, "बाबा, टीव्हीवरचे सगळे मोठे खेळाडू आठ-नऊच वापरतात." मी गप्प बसलो. हे उत्तर मी वर्गात हजारदा ऐकलं आहे, फक्त विषय वेगळे असत.

त्या मैदानावर एक यंत्र आहे. चेंडूच्या मागे ठेवतात आणि प्रत्येक फटक्यानंतर पडद्यावर आकडे येतात. काठी किती वेगानं आली, चेंडू किती कोनात सुटला, किती गरगरला, कुठे पडला. मला ते यंत्र फार आवडलं. पालक-सभेत असं एखादं यंत्र असतं तर माझं किती बोलणं वाचलं असतं! जावईबापूंचा काठीचा वेग ताशी पंच्याऐंशी मैलांच्या आसपास येत होता. चेंडू सात-आठ अंशांत सुटायचा, बगळा पाण्यावरून जातो तसा खालून खालून जायचा आणि एकशे साठ यार्डांच्या अलीकडे-पलीकडे जमिनीला टेकायचा. ते मग आणखी जोर लावायचे. त्यानं चेंडू उजवीकडे वळून जाळीत जायचा. मग आणखी जोर. कमरेचं दुखणं कुठून येतं ते मला तिसऱ्या चहापर्यंत कळलं होतं.

चेंडू गोळा करणारा एक पोरगा मागे उभा होता. तो हळूच मला म्हणाला, "आजोबा, सर वरून मारतात. लाकूड फोडल्यासारखं." मला वाटतं त्या दिवशीचं सर्वांत शहाणं वाक्य तेच होतं.

आता मी बी.ए. माणूस, तेही मराठी माध्यमातून. विज्ञानाशी माझा संबंध शिक्षकांच्या खोलीतल्या गप्पांपुरता. पण आमचे विज्ञानाचे सर फळ्यावर कमान काढून सांगायचे की कोणतीही वस्तू पंचेचाळीस अंशांत फेकली की सर्वांत लांब जाते. ते माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. मग गोल्फचा चेंडू दहा-बारा अंशांत मारून इतका लांब कसा जातो? रात्री लेकीच्या कॉम्प्युटरवर वाचत बसलो. गंमत अशी की हा प्रश्न माझ्या आधी एका खऱ्या प्राध्यापकाला पडला होता. पीटर गथ्री टेट, एडिंबरो विद्यापीठातले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. त्यांनी १८९०च्या दशकात गोल्फच्या चेंडूवर रीतसर निबंध लिहिले. चेंडूला लांब फीत बांधून फटका मारायचा आणि फितीला किती पीळ पडले ते मोजायचं, अशी त्यांची युक्ती. त्यातून त्यांनी दाखवलं की रेललेल्या तोंडामुळे चेंडू पुढे जाताना उलटा गरगरतो आणि त्या गरगरण्यामुळे हवा त्याला वर तोलून धरते. पंचेचाळीस अंशांचा नियम हवा नसलेल्या जागेचा. हवेत आणि गिरकीसकट चेंडू म्हणजे जवळजवळ पाखरूच. त्यांचा मुलगा फ्रेडरिक हा मोठा खेळाडू होता, ब्रिटनची हौशी खेळाडूंची स्पर्धा त्यानं १८९६ आणि १८९८ साली जिंकली. १९०० साली तो दक्षिण आफ्रिकेतल्या लढाईत मारला गेला आणि पुढच्याच वर्षी वडीलही गेले. वाचता वाचता मी त्या बापलेकांपाशीच अडकलो. पोरगा खेळतो आणि बाप फितीचे पीळ मोजतो... असो.

तर मुद्दा असा की ड्रायव्हरनं मारलेला चेंडू मिनिटाला अडीच-तीन हजार फेऱ्या घेतो, म्हणजे सेकंदाला चाळीस-पन्नास. पण त्या फेऱ्यांचा उपयोग चेंडूला मुळात वेग असेल तरच. जोरकस माणसाचा चेंडू खालच्या कोनात सुटला तरी हवा त्याला उचलते. सावकाश मारणाऱ्याच्या चेंडूला तेवढा आधार मिळत नाही, म्हणून त्याला सुरुवातीलाच जास्त वर सोडावा लागतो. म्हणजे ज्याचा हात सावकाश त्याला लॉफ्ट जास्त हवा. या धंद्यातल्या लोकांचा ढोबळ हिशेब असा: ताशी एकशे पाच मैलांच्या वर काठी फिरवणाऱ्यानं आठ-नऊ अंश वापरावेत, पंच्याण्णव-शंभरवाल्यानं दहाच्या आसपास, आणि पंच्याऐंशी किंवा त्याखालच्यानं बारा किंवा जास्तच. आमचे जावईबापू कुठल्या ओळीत बसतात ते सांगायला गणिताचा शिक्षक लागत नाही.

पण वेग हे अर्धंच झालं. दुसरं अर्धं त्या पोरानं सांगितलं तेच. काठी चेंडूपाशी वरून खाली येते की खालून वर जाते? ड्रायव्हरसाठी चेंडू लाकडी खुंटीवर ठेवतात, म्हणून काठी खालून वर जाता जाता चेंडूला लागली तरी चालते, नव्हे ते बरंच. असा माणूस चेंडूला आपोआप उंची देतो, त्याला काठीवरचा लॉफ्ट थोडा कमी चालतो. वरून हाणणारा माणूस मात्र काठीचं रेललेलं तोंड आपल्याच हातानं उभं करतो. नऊ अंशांचा ड्रायव्हर त्याच्या हातात पाच-सहा अंशांसारखा वागतो. त्याला काठीवरच जास्त लॉफ्ट हवा. दोन माणसांचा वेग अगदी सारखा असला तरी एकाला साडेदहा आणि दुसऱ्याला तेरा लागू शकतो. म्हणून वयाचा आणि ताकदीचा तक्ता बघून काठी घेणंही खरं नाही. फटका बघावा लागतो. आणि आपला फटका आपल्याला दिसत नसतो, तो मागे उभा असलेल्या पोराला दिसतो.

आता त्या टीव्हीवरच्या मोठ्या खेळाडूंचं. अमेरिकेतल्या पुरुषांच्या मुख्य स्पर्धांत काठीचा सरासरी वेग ताशी एकशे तेरा ते एकशे पंधरा मैल असतो. महिलांच्या मुख्य स्पर्धांत चौऱ्याण्णवच्या आसपास. आणि क्लबात जाणाऱ्या साध्या हौशी पुरुषाचा? त्र्याण्णवच्या आसपास! म्हणजे आपले साहेब लोक ज्यांची नक्कल करतात ते त्यांच्यापेक्षा वीस मैलांनी पुढे, आणि ज्यांचा वेग त्यांच्याएवढाच आहे त्या बायकांकडे ते ढुंकून बघत नाहीत. त्या बायका मात्र तेवढ्याच वेगात चेंडू दोनशे वीस यार्डांच्या आसपास हवेतून नेतात. कारण त्या सरासरी तीन अंश खालून वर मारतात आणि आपले हौशी पुरुष किंचित वरून खाली.

मी हे जेवताना सांगितलं. लेक म्हणाली, "म्हणजे बाबा, यांनी अदिती अशोकची नक्कल करायला पाहिजे." मला तिचा अभिमान वाटला, लेकीचाही आणि अदितीचाही. बेंगळुरूची ही मुलगी. टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, ती चौथी आली, पदक एका फटक्यानं हुकलं. लांब मारणाऱ्यांत तिची गणती कधीच नव्हती आणि त्या वर्षी कोरोनातून उठल्यावर तर जोर आणखी कमी झाला होता. पहिल्या फटक्यात ती सोबतच्या खेळाडूंच्या मागे राहायची आणि तरी शेवटच्या दिवसापर्यंत पदकाच्या दारात होती. काठ्या उचलायला सोबत तिची आई होती. पुण्यात खेळणारे उदयन मानेही त्याच ऑलिंपिकला गेले होते, पण ते कमावलेल्या हातांचे व्यावसायिक पुरुष. आपली सोयरीक अदितीशी जास्त जवळची.

जावईबापू यावर म्हणाले, "बाबा, बारा अंश म्हणजे लेडीज काठी वाटते हो."

हे जे शेवटचं वाक्य आहे ना, खरा लेख त्याच्यावर आहे.

या धंद्यातले लोकच सांगतात की काही ड्रायव्हरांवर कोरलेला आकडा खऱ्या कोनापेक्षा मुद्दाम कमी ठेवलेला असतो. पुरुष गिऱ्हाइकाला छोटा आकडा आवडतो म्हणून! साडेदहावर नऊ कोरायचं, म्हणजे त्याचा चेंडूही जरा बरा जातो आणि मानही राहते. हे वाचल्यावर मी खूप हसलो आणि मग हसू थांबलं. एवढा शिकलासवरलेला माणूस, त्याला कुणी तरी प्रेमानं फसवावं लागतं, तेव्हा कुठे त्याला सोयीची वस्तू हातात घेता येते. चपलेचा नंबर सातचा असला तर आपण नऊची घेत नाही. चष्म्याचा नंबर शेजाऱ्याच्या नंबरावरून ठरवत नाही. मग इथंच काय होतं?

माझ्या लहानपणी आमच्याकडे लाकडी नांगर होता. पावसाळ्याच्या तोंडाशी सुताराकडे नेला की तो नांगराकडे नंतर बघायचा, आधी विचारायचा, "बैल केवढे आहेत जी?" नांगराची लांब दांडी जिथं खोडात बसते तिथं लाकडी पाचर असते. ती जरा आत ठोकली किंवा सैल केली की फाळ जमिनीत शिरायचा कोन बदलतो. ठेंगण्या बैलांना एक कोन, उंच बैलांना दुसरा. धानाच्या चिखलाला वेगळा आणि उन्हाळ्यातल्या कडक जमिनीला वेगळा. एका वर्षी आमची जोडी म्हातारी झाली होती. सुतारानं पाचर ठोकून फाळ उथळ केला आणि वडिलांना म्हणाला, यंदा एवढंच ओढतील, वरून दोनदा फिरवा. वडिलांना त्यात काही कमीपणा वाटलेला मला आठवत नाही. बैलांना तर नाहीच.

गंमत म्हणजे आजच्या ड्रायव्हरलाही पाचर असते. मुंडकं आणि दांडा जिथं जुळतात तिथं फिरवता येणारी खोबण असते. छोट्या किल्लीनं सैल करायची, फिरवायची आणि पुन्हा आवळायची. लॉफ्ट दीड-दोन अंशांनी कमी-जास्त होतो. २००८ सालापासून नियमांनी याला परवानगी दिली, फक्त खेळ सुरू झाल्यावर मध्येच फिरवता येत नाही. एक मेख मात्र आहे. लॉफ्ट वाढवला की काठीचं तोंड थोडं डावीकडे मिटतं आणि कमी केला की उजवीकडे उघडतं (उजव्या हाताच्या खेळाडूसाठी). ज्यांचा चेंडू उजवीकडे पळतो त्यांना वाढवण्यात दुहेरी फायदा. शिवाय लॉफ्ट जास्त असला की चेंडूची उलटी गिरकी वाढते आणि आडवं वळणं तुलनेनं कमी होतं, तोही फायदाच. जावईबापूंच्या झोळीच्या कप्प्यात ती किल्ली होती. प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही काढलेली नव्हती.

आता तुमच्यातले शहाणे लोक म्हणतील की काठी कशाला बदलता, फटका सुधारा. हा आक्षेप मी हलका समजत नाही, कारण मी स्वतः आयुष्यभर हेच म्हणत आलो. अक्षर वाईट तर पेन बदलू नको, हात वळव. गोल्फचे शिक्षकही तेच सांगतात आणि त्यात खरं आहेच. जावईबापू वरून हाणायचं सोडून खालून वर मारायला शिकले तर वेग तोच राहून चेंडू पंधरा-वीस पावलं पुढे पडेल. शिकावं त्यांनी. पण शिकायलाही चेंडू आधी हवेत जावा लागतो. चुकीची काठी चुकीचा फटका शिकवते हे मी त्या खुर्चीवर बसून डोळ्यांनी पाहिलं. चेंडू वर जात नाही म्हणून माणूस अंग मागे टाकतो, खांद्यानं उचलायला बघतो, जोर लावतो. ते सगळं त्या नऊ अंशांची भरपाई करण्यासाठी. महिन्याभरात ती भरपाईच त्याची सवय होते. दुसरं असं की पंधराव्या वर्षी फटका सुधारावा, एक्कावन्नाव्या वर्षी दोन्हीकडून थोडं थोडं यावं. आणि जास्त लॉफ्ट सगळ्यांना चांगला असंही मी म्हणत नाही. जोरकस हाताच्या पोरानं तेरा अंशांचा ड्रायव्हर घेतला तर त्याचा चेंडू पतंगासारखा वर चढेल, वाऱ्यावर थांबेल आणि तिथंच खाली येईल. त्यानं नऊच वापरावा. नऊ वाईट नाही. दुसऱ्याचा नऊ वाईट.

सचिनच्या बॅटची गोष्ट आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. साधी बॅट अकराशे-बाराशे ग्रॅमची असते, त्याची तीन पौंडांच्या वर, म्हणजे चौदाशेच्या घरात. त्याला लोकांनी हलकी बॅट घे म्हणून सांगितलं. त्यानं २०१४ साली आलेल्या आत्मचरित्रात लिहिलं आहे की हलकी वापरून पाहिली पण जमलं नाही, बॅट फिरवण्याची सगळी लय त्या वजनावर बसलेली होती. त्यानं योग्यच केलं. पण मग गावोगावची पोरं वजनदार बॅट मागायला लागली. सचिननं त्याच्या हाताचं ऐकलं, पोरांनीही सचिनच्याच हाताचं ऐकलं.

आणि इथं मला माझं एक सांगायला हवं. जावईबापूंना जेवताना सांगितलं नाही ते इथं लिहितो.

१९८५च्या आसपासची गोष्ट. मी ज्या शाळेत होतो तिथं क्रिकेटचा संघ माझ्याकडे होता. शाळेकडे बॅट एकच. मोठ्या माणसाच्या मापाची, कडेला दोरा गुंडाळलेली. सहावीत एक पोरगा होता, दहा-अकरा वर्षांचा, अंगानं काडीसारखा. गिल्ली-दांडूत त्याला तोड नव्हती. गिल्लीच्या टोकावर दांडू टेकवून ती हलकेच उडवायचा आणि बोडीच्या पाळीपलीकडे घालवायचा. नजर अशी की मी त्याला संघात घेतला. तर बॅट हातात आली की तो दिसेनासाच व्हायचा. बॅट खांद्यापर्यंत पोचायच्या आत चेंडू यष्टीवर. मी त्याला सर्वांसमोर म्हणालो की दोन वेळचं जेवत नाहीस का, बॅट उचलायचा आळस करतोस. पोरं हसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तो आला नाही, नंतरही आला नाही. वर्गात समोर बसायचा, उत्तरं द्यायचा, मैदानावर मात्र फिरकला नाही. मला वाटलं चिकाटी नाही पोरात. प्रगतिपुस्तकातही मी बहुधा तसंच काही लिहिलं असेन.

दांडू तो स्वतः तोडून आणायचा. बाभळीचा नाहीतर सागाचा, आपल्या हाताच्या मापाचा. गावातलं प्रत्येक पोर तसंच करतं, कोणी शिकवावं लागत नाही. लांब वाटला की तासून कमी करायचा, जड वाटला की साल काढायची. म्हणून तर गिल्ली उडायची. बॅट मात्र शाळेची होती, शाळेला एकच माप ठाऊक होतं आणि त्या मापात तो पोरगा बसत नव्हता. लहान मुलांसाठी चार, पाच, सहा नंबरच्या बॅटी मिळतात हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मागायचं सुचलं नाही. आळशी मी होतो.

आज तो जावईबापूंच्याच वयाचा असेल.

मुंबईत चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे, १९२७ सालचा. तिथं साहेबांच्या काठ्या वाहणारी पोरं जवळच्या वस्तीत राहतात आणि आपल्या गल्लीबोळांत स्वतःचं गोल्फ खेळतात. बांधकामाची सळई वाकवून केलेली काठी आणि प्लास्टिकचा चेंडू. त्यांच्याविषयी देशोदेशीच्या बातमीदारांनी लिहिलं आहे, चित्रफिती काढल्या आहेत. त्या पाहताना माझं लक्ष सळईच्या टोकाकडे होतं. त्यावर कुठलाच आकडा नाही. नेम चुकला तर चेंडू कुणाच्या तरी घरात, म्हणून हातात बसेल तीच काठी चालायची. गिल्ली-दांडूवाल्या पोरांची ही शहरातली भावंडंच म्हणायची. चाळीस-पन्नास हजारांचा ड्रायव्हर घेणाऱ्यानं एक रविवार चेंबूरला घालवावा असं माझं मत आहे. ते ऐकणार नाहीत हेही माझं मत आहे.

परतायच्या आधीच्या रविवारी आम्ही पुन्हा मैदानावर गेलो. मी हट्ट धरला. तिथल्या शिकवणाऱ्या गृहस्थांकडे बारा अंशांचा एक जुना ड्रायव्हर पडून होता, तो मागून घेतला. जावईबापूंना म्हणालो, "पाच चेंडू माझ्यासाठी मारा, म्हाताऱ्याची हौस." पहिले दोन वाया गेले. तिसरा वर गेला. मला आकडे वाचायचं भानच राहिलं नाही, कारण चेंडू आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसला. इतके दिवस तो नेहमी गवताच्या पार्श्वभूमीवर दिसायचा. मागून पोरगा ओरडला, "एकशे शहात्तर, सर!" जावईबापू काहीच बोलले नाहीत. चौथा एकशे सत्तर, पाचवा जाळीत. वरून हाणायचं काही एका दिवसात सुटत नाही. पण जोर त्यांनी लावला नव्हता, आणि परतताना कमरेला हात नव्हता. हे मी पाहिलं. लेकीला घरी आल्यावर सांगितलंही.

मग मी एकोडीला आलो. धान निघून गेलेलं होतं, उन्हाळी पिकाची गडबड सुरू झाली, गोल्फ मागे पडलं. परवा लेकीचा फोन आला. म्हणाली, बाबा, यांनी घेतली बारा अंशांची. मी विचारलं, "कसे जातात चेंडू?" म्हणाली, चांगले जातात म्हणतात, आणि मालिशचं तेल महिनाभर तसंच आहे. मग हसायला लागली. मी म्हटलं काय झालं. म्हणाली, "काठीवर जिथं बारा कोरलं आहे ना बाबा, तिथं त्यांनी काळी चिकटपट्टी लावली आहे."